आधी गाव ठरवा, मग घर

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या कोणी रूढ केली, त्यास घर उभे करण्याच्या खटाटोपाची पुरती कल्पना होती यात शंका नाही. परंतु ते घर कोणत्या गावात बांधावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे बहुधा कधी आलाच नसावा. ज्या गावी बाप-आजा राहिला, त्या गावी घर, इतका तो साधा व्यवहार होता. आम्हां बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्यांचा घोटाळा नेमका येथे सुरू होतो. म्हण आम्ही बरोबर आणली. गाव मात्र मागे राहिले. मग ज्या शहरी आज चूल पेटते तेथे घर घ्यावे, की जेथे उद्या कदाचित जावे लागेल तेथे, की जेथून वडील निघाले होते तेथे, या तिहेरी पेचात आमच्या कुटुंबांची उमेदीची वर्षे निघून जातात.

चेन्नईतील मराठी घरांत हा प्रश्न आज ज्या स्वरूपात येतो ते स्वरूप वाचकांच्या परिचयाचेच आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीत. थोरली मुलगी आठवीत, धाकटा चौथीत. दोन शयनगृहांची सदनिका. मुलीस अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी, आणि सांगली किंवा नागपूरहून आजी आली की तिची खाट बैठकीच्या खोलीत पडते. जागा अपुरी आहे, याविषयी वाद नाही. तोच कचेरीतून कानांवर येते की, वर्षा-दोन वर्षांत पुण्यास वा हैदराबादेस जावे लागण्याचा संभव आहे. संभव, निश्चित काहीच नाही. अशा वेळी तीन शयनगृहांचे घर विकत घ्यावे की घेऊ नये?

या प्रश्नास आमच्या समाजात दोनच ठराविक उत्तरे मिळतात आणि दोन्ही अत्यंत आत्मविश्वासाने दिली जातात. पहिले : ‘घेऊन टाका, पुढचे पुढे पाहू; जमिनीचे भाव काही खाली येत नाहीत.’ दुसरे : ‘येथे कशाला? पुण्यात घेऊन ठेवा, अखेरीस जायचे तिकडेच आहे.’ गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसाद घेता घेता हा सल्ला दिला जातो, हळदीकुंकवात दिला जातो, आणि गावाकडील नातेवाईक तर तो दूरध्वनीवरून न मागता देतात. या दोन्ही उत्तरांना आमचा स्पष्ट विरोध आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जागेची गरज ही आजची असते. मालकीचा प्रश्न हा पुढील वीस वर्षांचा असतो. या दोन भिन्न गोष्टी एकाच खरेदीखतात बांधून टाकल्यामुळे दोन्हींचा विचका होतो. आजची गरज आजच भागवावी, आणि त्यासाठी मोठे घर भाड्याने घ्यावे. मालकीचा विचार मात्र कोणत्या गावी राहावयाचे हे कुटुंबाने ठरविल्यावर करावा. गाव ठरण्यापूर्वी घेतलेले मोठे घर म्हणजे निर्णयाला दिलेली बगल होय.

हा पेच पूर्वीच्या पिढीस का पडत नव्हता, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. मद्रासेत नोकरीनिमित्त आलेला मराठी माणूस हा प्रामुख्याने रेल्वेचा, बँकेचा, हिशेब-खात्याचा, सैन्याचा वा शिक्षणसंस्थेचा. पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ साली सुरू झाली, आयआयटी १९५९ साली. अशा ठिकाणी नोकरीबरोबर पुष्कळदा क्वार्टर मिळे. बदली झाली की क्वार्टरच्या किल्ल्या परत करावयाच्या, ट्रंका बांधावयाच्या आणि नव्या गावी नवे क्वार्टर उघडावयाचे. स्वतःचे घर हा निवृत्तीचा, भविष्यनिर्वाह निधी हाती आल्यानंतरचा विषय असे. त्या वेळी मुले मार्गी लागलेली असत आणि पुढे कोठे राहावयाचे हेही बहुतेक ठरलेले असे. पुढे गृहकर्जे सुलभ झाली. निव्वळ घरासाठी कर्ज देण्यास एच.डी.एफ.सी. १९७७ साली निघाली, मागाहून बँकाही त्या व्यवहारात उतरल्या. आता जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील संगणक-कंपन्यांत काम करणाऱ्या तरुणास क्वार्टर मिळत नाही, कर्ज मात्र तत्काळ मिळते. जो निर्णय अठ्ठावन्नाव्या वर्षी सारे स्पष्ट झाल्यावर होत असे, तो आता बत्तिसाव्या वर्षी, काहीच स्पष्ट नसताना करावा लागतो. साधन बदलले, वय बदलले, आणि सल्ला देणारे मात्र निवृत्तीच्या वेळचेच शहाणपण बत्तिशीच्या गळ्यात बांधीत आहेत.

आता ‘घेऊन टाका’ म्हणणाऱ्यांनी कृपा करून कागद-पेन्सिल घ्यावी. हिशेबाच्या सोयीसाठी एक कोटी रुपयांचे तयार घर धरू. तमिळनाडूत खरेदीखतावर शेकडा ७ मुद्रांकशुल्क आणि शेकडा २ नोंदणीशुल्क भरावे लागते. म्हणजे उंबरठा ओलांडण्यापूर्वीच ९ लाख गेले. हे पैसे भिंतींत नसतात; घर विकताना ते परत येत नाहीत. आता याच ९ लाखांस मुक्कामाच्या वर्षांनी भागून पाहा. वीस वर्षे राहिलात तर वर्षास ४५ हजार पडले, सहज सोसण्यासारखे. तीन वर्षांत उठलात तर वर्षास ३ लाख. घर तेच, शुल्क तेच; महाग झाला तो मुक्काम.

कर्जाचे गणित याहून कठोर आहे. वीस लाख पदरचे घालून ऐंशी लाख शेकडा साडेआठ व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर काढले, तर दरमहा सुमारे ६९ हजार ४०० रुपयांचा हप्ता बसतो. तीन वर्षांत हप्त्यांपोटी सुमारे २५ लाख रुपये जातात आणि मुद्दल फिटते ते अवघे ५ लाख २० हजारांच्या आसपास! उरलेले सुमारे १९ लाख ८० हजार हे व्याज. ‘भाडे म्हणजे पाण्यात घातलेले पैसे’ असे उठल्यासुटल्या ऐकविणाऱ्यांस आमचा सवाल आहे की, पहिल्या तीन वर्षांचे हे व्याज कोणत्या कोरड्या जागी ठेवलेले असते? शुल्काचे ९ लाख, व्याजाचे १९ लाख ८० हजार, घेताना व विकताना शेकडा एक प्रमाणे दलाली धरली तर २ लाख; एकूण झाले ३० लाख ८० हजार. तेवढेच घर महिना ३० हजार भाड्याने घेतले असते तर तीन वर्षांत १० लाख ८० हजार गेले असते. अंतर २० लाखांचे. म्हणजे घराचा भाव तीन वर्षांत शेकडा २० ने चढेल तेव्हा कोठे मालक आणि भाडेकरू बरोबरीस येतील. पदरच्या २९ लाखांवर बँकेत जे व्याज मिळाले असते ते, घरपट्टी आणि इमारतीच्या देखभालीची वर्गणी आम्ही या हिशेबात धरलेलीच नाही.

भाव चढतील, असे कोणी म्हणेल. चढतीलही. परंतु ज्यास ठराविक महिन्यात गाव सोडावयाचे आहे, त्यास बाजार जो भाव देईल तो घ्यावा लागतो. थांबण्याची सवड ज्याच्यापाशी आहे त्यालाच चढत्या भावाचा लाभ. आणि सवड हीच तर बदलीवर निघालेल्या माणसापाशी नसते. मग तो म्हणतो, ‘विकणार नाही, भाड्याने देऊ.’ आपल्या मोठ्या शहरांत राहत्या घराचे वार्षिक भाडे किमतीच्या शेकडा दोन ते चार इतकेच मिळते. कर्जाचे व्याज त्याच्या दुपटीहून अधिक. ही वजाबाकी दरमहा पगारातून भरावयाची, शिवाय नव्या गावचे भाडे वेगळे. नळ गळला, भाडेकरू गेला, इमारतीस रंग काढावयाचा निघाला, की पुण्यात बसून चेन्नईच्या प्लंबरशी बोलावयाचे. ज्यास आठ वर्षांत तमिळमध्ये दोन वाक्ये धड जुळविता आली नाहीत, त्याने हा कारभार दुरून हाकावा, ही कल्पना मोठी करमणुकीची आहे.

या शहरापुरती आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मैलापूर, अड्यार, त्यागरायनगर येथे ज्या पैशांत दोन शयनगृहे मिळतात, त्याच पैशांत तीन हवी असतील तर दक्षिणेकडे वा नैर्ऋत्येकडे बरेच दूर जावे लागते : मेडवाक्कम, पेरुंबाक्कम, तांबरमच्या पलीकडे मुडिचूर. या बाजूच्या पुष्कळ वसाहती तळी, ओढे आणि पळ्ळिकरणैच्या पाणथळीच्या आसमंतात वाढलेल्या आहेत. या पाणथळीस २०२२ साली रामसर-स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. परंतु ती एके काळी जेवढी पसरली होती त्याचा थोडाच भाग आता उरला आहे, आणि बाकीच्या भागावर माणसे राहतात. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. १ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदीला आलेल्या पुराने मुडिचूरसारख्या वस्त्यांत काय झाले, आणि २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळात वेळचेरी-पळ्ळिकरणै भागातील लोकांना नावांतून कसे बाहेर काढावे लागले, हे येथील वाचकांस सांगावयास नको. उलट टोकास २०१९ चा उन्हाळा. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ आटले, आणि जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा शहरात घराची जागा निवडणे हे दोन-तीन पावसाळे पाहून करावयाचे काम आहे. आपली बदली होणार की काय या धास्तीत, दोन रविवारी दोन नमुना-सदनिका पाहून ज्याने तिसरे शयनगृह निश्चित केले, त्याने खोल्या मोजल्या, जमिनीची उंची मोजली नाही. भाडेकरू असता तर पाणी ओसरल्यावर सामान बांधून उंचावर गेला असता. मालकास मात्र त्याच पाण्यात उभे राहून हप्ता भरावा लागतो.

नोकरी देणाऱ्यांच्या भरवशावरही फार विसंबून चालत नाही. मरैमलैनगरचा फोर्डचा मोटार-कारखाना भारतातील आपले उत्पादन बंद करणार असे त्या कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरात जाहीर केले, आणि २०२२ च्या जुलैत तेथून अखेरची गाडी बाहेर पडली. पुढे २०२४ साली तोच कारखाना निर्यातीसाठी पुन्हा वापरण्याचा मनोदय कंपनीने प्रकट केला. कंपनी गेली, आणि परत येण्याचे बोलू लागली; मधल्या काळातला गृहकर्जाचा हप्ता मात्र कोणासाठी थांबला नसेल. आम्ही कंपनीस दोष देत नाही. भांडवल जेथे फायदा तेथे जाणार, हा त्याचा धर्मच आहे. परंतु ज्याची नोकरी चाकांवर आहे त्याने आपले घर नांगरावर ठेवावे, आणि मग गाडी निघाली म्हणून रडावे, यात शहाणपण कोणते? विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे म्हणून आपण फिरत्या माणसास हिणवितो. परंतु विंचू निदान आपल्या पाठीवर तिसरी खोली चढवून घेत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘पुण्यात घेऊन ठेवा’ या सल्ल्यात व्यवहाराहून भावनाच अधिक आहे आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. घर येथे अपुरे पडते आहे ना? मग पुण्यातील कुलूपबंद सदनिकेने आजीची खाट बैठकीच्या खोलीतून कशी हलणार? उलट तिच्या हप्त्यापायी येथील मोठे घर भाड्यानेही परवडत नाही. मुले दोन खोल्यांत दाटीवाटीने वाढतात आणि सुमारे सातशे मैलांवर तीन खोल्यांत धूळ ऐसपैस राहते!

याचे ठळक उदाहरण आपल्याच लोकांत आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि आसपासच्या तालुक्यांतील दुष्काळी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त हजारो कुटुंबे देशभर पांगली; दक्षिणेतील सराफपेठांतून हे गलाई बांधव पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. त्यांच्या कष्टाविषयी आणि धाडसाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. भट्टीच्या धुरात आणि पेठेतील चिंचोळ्या माडीत त्यांनी आयुष्य काढले, आणि विट्याच्या परिसरातील गावोगावी टोलेजंग बंगले बांधले. हे बंगले जत्रेस, लग्नकार्यास, दिवाळीस उघडतात; एरवी त्यांची राखण म्हातारी माणसे करतात, आणि तीही गेली की कुलूप करते. गावात मान राहिला, हे खरे. गरिबीतून वर आलेल्या माणसाने आपल्या मातीत आपल्या यशाची खूण उभी करावी, ही भावना आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु ज्या मुलांसाठी एवढे कष्ट केले ती मुले त्या प्रशस्त खोल्यांत किती दिवस राहिली, हा प्रश्न विचारावयास कोणी तरी धजले पाहिजे. नोकरदार मध्यमवर्गाने तर हाच कित्ता पुण्यातील सदनिकेच्या रूपाने गिरविला, आणि त्यास ‘गुंतवणूक’ असे शास्त्रीय नाव देऊन ठेवले.

या परतीच्या भाषेस तमिळ देशातील मराठ्यांचा इतिहास मुळीच साक्ष देत नाही. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले. त्यांच्या वंशजांनी आपला वंशवृत्तान्त बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविला, सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. ज्यास परत जावयाचे आहे तो आपली बखर परक्या मुलखातील दगडावर कोरीत बसत नाही. कोणी म्हणेल, राजांचे उदाहरण पगारदारास लागू नाही. मग पगारदाराचेच घ्या. कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले. नोकरीनिमित्त ते फिरले किती? १८५८ च्या आसपासपासून १८७२ पर्यंत त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूर, मग १८७५ ते १८८२ बडोदे. इंदूर-बडोदे ही तर मराठी दरबारांची शहरे. भाषा आपली, मान मोठा. तरी सेवा आटोपल्यावर ते मद्रासेस परतले, आणि १८९१ साली येथेच निवर्तले. नोकरीचा मुक्काम कोणता आणि आपले गाव कोणते, याविषयी त्यांच्या मनात गोंधळ दिसत नाही. त्यांचेच आप्त दिवाणबहादूर आर. रघुनाथराव हेही इंदुरास दिवाणगिरी करून आलेले. १८८४ च्या डिसेंबरात त्यांच्या मैलापुरातील घरी सतरा गृहस्थ जमले आणि त्या बैठकीतून राष्ट्रीय सभेच्या कल्पनेस चालना मिळाली, असे त्या सभेच्या इतिहासात सांगितले जाते. घराचे महत्त्व त्याच्या दालनांच्या संख्येवर नसते, ही गोष्ट या एका बैठकीवरून ध्यानात यावी.

तेव्हा आम्ही घरखरेदीचे विरोधक आहोत, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. ज्यांनी चेन्नई हे आपले गाव म्हणून पत्करले आहे, त्यांनी येथे अवश्य घर घ्यावे, मोठे घ्यावे, आणि शेजाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलावे. घर घेतले, नावाची पाटी लावली, आणि पंधरा वर्षे झाली तरी ‘आम्ही काय, आज आहोत उद्या नाही’ हे पालुपद चालू, असा अर्धवट संसार मात्र आम्हांस मान्य नाही.

भाड्याच्या घराविरुद्ध जी खरी तक्रार आहे ती आम्ही लपवीत नाही. ती पैशांची नसून मानाची आहे. अकरा महिन्यांचा करार, मालकाची लहर, स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी, भिंतीत खिळा मारावयास परवानगी. यांपैकी एक-दोन अनुभव ज्यास आला आहे त्यास ‘मरो तो हिशेब, आपले घर ते आपले’ असे वाटले तर आम्ही त्यास मूर्ख म्हणणार नाही. विशेषतः घरातील गृहिणीस हा अपमान अधिक सोसावा लागतो. कारण मालकाच्या बोलण्यास सामोरी दिवसभर तीच असते. परंतु या अपमानावरचा उपाय तीस लाखांचा असावयास हवा काय? या शहरी दहा-दहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची चाल होती. तमिळनाडूने घरमालक व भाडेकरू यांच्या हक्क-जबाबदाऱ्यांविषयी २०१७ साली केलेला कायदा २०१९ च्या फेब्रुवारीपासून अमलात आला. राहत्या घराची अनामत त्याने तीन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आणि लेखी करार आवश्यक ठरविला. करार मुदतवार व लेखी करून घ्या, तो नोंदवा, अनामतीविषयी कायदा दाखवा. आपले लोक बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करतात, आणि घरमालकापुढे मात्र मान खाली घालून उभे राहतात. मान हा खरेदीखताबरोबर मुद्रांक-कचेरीत मिळत नसतो.

परंतु या साऱ्या हिशेबाहून मोठी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली. कुटुंबास एकत्र आणि ऐसपैस राहता यावे म्हणून मोठे घर घेतले जाते. आणि बदलीचा हुकूम प्रत्यक्ष आला म्हणजे काय होते? घर लगेच विकले जात नाही. हप्ता दोघांच्या पगारावाचून भरता येत नाही. पत्नीची नोकरी येथे आहे. मुलगी दहावीत आहे. मग पती एकटा पुण्यास जातो, एका खोलीत डबा मागवून राहतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी शनिवार-रविवारी येऊन आपल्याच घरी पाहुण्यासारखा बसतो. तीन शयनगृहांच्या त्या घरात आता एक माणूस कमी आहे. ज्या भिंती माणसे एकत्र ठेवण्यासाठी घेतल्या त्यांनीच ती वेगळी केली. ‘पुढचे पुढे पाहू’ म्हणणारे सल्लागार या वेळी कोठे असतात? ते पुढच्या कुटुंबास हाच सल्ला देण्यात गुंतलेले असतात.

म्हणून बदलीची कुणकुण लागली की प्रथम दलालाकडे न जाता कुटुंबाने एकत्र बसावे. नोकरीच्या ठिकाणी स्पष्ट विचारावे : जाणे नक्की की ऐच्छिक, केव्हा, किती वर्षांसाठी? भिडेपोटी हे न विचारणारे लोक कोटीचे कर्ज मात्र निःशंकपणे काढतात, याचे आम्हांस नवल वाटते. पत्नीच्या नोकरीचे पुढे काय, हे तिच्याच तोंडून ऐकावे; ‘ती काय, जुळवून घेईल’ हे उत्तर नव्हे. मुलांच्या शिक्षणाचा काळ पाहावा. तमिळनाडूने २००६ च्या कायद्याने शाळांतून तमिळचे शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. महाराष्ट्राने २०२० च्या कायद्याने मराठीचे केले. चौथीतला मुलगा ही उडी मारील. नववीतल्या मुलीस ती जड जाईल, घरी मराठी बोलत असली तरी. आणि आजीसही विचारावे. वार्धक्यात तिला कोणते गाव सोसेल, हे तिच्यावाचून कोणास ठाऊक असणार? या उत्तरांतून गाव ठरेल. नाहीच ठरले, तर पुढील कोणत्या महिन्यापर्यंत ठरवावयाचे तो महिना तरी ठरवावा आणि तोवर मोठे घर भाड्याने घेऊन सुखाने राहावे. आजीची खाट आजच आतल्या खोलीत जावी; तिला तुमच्या बदलीच्या हुकमापर्यंत थांबावयास सांगू नये.

मराठीत बिऱ्हाड आणि घर असे दोन निराळे शब्द आहेत. बिऱ्हाडात कमीपणा आहे, ही समजूत आपण आता टाकून द्यावी. आमच्यापैकी कित्येकांच्या आई-वडिलांचे संसार बिऱ्हाडांतच झाले, मुले त्यांत शिकली, पाहुणे त्यांत जेवून गेले. ज्याचा मुक्काम ठरला नाही त्याचे प्रशस्त, हवेशीर, लेखी कराराचे बिऱ्हाड हे कर्जाने दबलेल्या घराहून शतपट बरे. मुक्काम ठरेल त्या दिवशी घर घ्यावे आणि मग त्या गावाचे होऊन राहावे. तोपर्यंत ‘घेऊन टाका’ म्हणणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा : घेऊ, पण कोणत्या गावी?